फसवणूक कळल्यानंतर संसार सावरलेलं कोणी आहे का इथे? (अनुभव हवेत, उपदेश नकोत)

अबोली_मुलुंड

नमस्कार. नेहमीच्या आयडीने हे लिहायची हिंमत नाही, म्हणून हा नवा काढला आहे. संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कल्पना दिली आहे, तेव्हा कृपया 'डुप्लिकेट आयडी, डुप्लिकेट आयडी' करू नये.

मुलगी सातवीत. नवरा खाजगी बँकेत. गाडी माझ्या नावावर असल्याने फास्टॅगचे मेसेज माझ्या मोबाईलवर येतात. मार्चएण्डच्या गडबडीत 'अंधेरीला ऑडिट आहे, उशीर होईल' असा याचा फोन येऊन गेला आणि तासाभरात पुण्याच्या वाटेवरच्या खालापूर टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला. मी कुकर लावत होते. आधी वाटलं, टॅगमध्येच घोळ आहे. खरं सांगते, तक्रार करायला ॲपही उघडलं होतं. मग मागचे मेसेज चाळले. खालापूर, परत खालापूर. सगळे मधलेच वार.

त्याच रात्री त्याने कबूल केलं, म्हणजे आधी 'क्लायंटला घेऊन गेलो होतो' झालं, मग कबूल केलं. ऑफिसातलीच आहे. आता संपलंय म्हणतो. स्वतःहून फोनचा पासवर्ड दिलाय. मी रात्री उठून फोन बघते, काही सापडत नाही, आणि तरी झोप येत नाही.

वन बीएचके आहे, सासूबाई हॉलमध्ये झोपतात. भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागतं. 'का केलंस' विचारलं की 'मलाच कळत नाही' एवढंच उत्तर. असं असू शकतं का? हा विश्वास परत बसतो का? आणि माहेरी सांगू की नको? आई रोज फोनवर विचारते, आवाज असा का येतोय म्हणून.

खडूस_काका

वाईट वाटलं. पण मुलीचं वय बघा. माणूस कबूल करतोय, पासवर्ड देतोय, अजून काय हवं? विषय वाढवला की वाढतो. आमच्या वेळी असल्या गोष्टी घरातल्या घरात मिटायच्या, किंबहुना असली थेरं व्हायचीच नाहीत.

निवडुंग

काका, धागाकर्तीने शीर्षकातच उपदेश नको म्हटलंय. आणि 'आमच्या वेळी'चं म्हणाल तर नौदलातल्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या त्या १९५९ मध्ये, याच मुंबईत. अख्खं शहर महिनोन्महिने तेच चघळत होतं. व्हायचं सगळं. बायका बोलायच्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

अबोली, सविस्तर नंतर लिहिते. आत्ता फक्त एवढंच की तुझी झोप उडाली यात तुझं काही चुकलेलं नाही.

तटस्थ

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. खालचं सगळं सर्वसाधारण समजावं, समोर न बसता कोणाच्या संसाराबद्दल ठाम बोलता येत नाही.

'मलाच कळत नाही' हे उत्तर सुरुवातीला पुष्कळदा खरं असतं. ते सोयीचंही असतं. म्हणून ते ऐकून घ्यावं, पण शेवटचं उत्तर म्हणून मान्य करू नये.

अशा प्रकरणांत मला साधारण तीन गोष्टी दिसतात. एक, कसली तरी उणीव. ती लग्नातलीच असते असं नाही. वडील गेलेले असतात, बढती हुकलेली असते, चाळिशी आलेली असते, किंवा घरात आपण फक्त ईएमआय भरणारा माणूस उरलोय असं वाटत असतं. दुसरी, संधी. मुंबईत ती वेगळी शोधावी लागत नाही. दिवसाचे दहा-बारा तास ऑफिस आणि प्रवासात जातात, घरच्यांच्या वाट्याला येतो तो दमलेला माणूस आणि सहकाऱ्यांना मिळतो तो आंघोळ करून, परफ्यूम मारून आलेला. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेली परवानगी. 'नुसती मैत्री आहे.' 'घरी कोणाला माझी पडलीय?' 'कळलंच नाही तर कोणाला त्रास होणार?' उणीव लाखोंच्या संसारात असते, संधीही असते. त्यातले बरेच जण या तिसऱ्या पायरीवर थांबतात. तेव्हा लग्नात काय कमी होतं याची चर्चा दोघांनी मिळून करावी, पण परवानगी ज्याची त्याने एकट्याने दिलेली असते आणि तिचा हिशेबही त्यानेच द्यायचा. या दोन चर्चा एकाच बैठकीत केल्या की 'तू माझ्याकडे लक्ष देत नव्हतीस' इथे गाडी येते आणि जिची फसवणूक झाली तीच आरोपी ठरते.

सुखी संसारात हे होत नाही, हा समज तर सोडूनच द्यावा. शर्ली ग्लास आणि थॉमस राइट यांच्या १९८५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, बाहेर शरीरसंबंध ठेवलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के आणि स्त्रियांपैकी ३४ टक्के लोकांनी आपलं लग्न सुखी असल्याचं सांगितलं होतं. जुना अभ्यास, परका समाज, आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. तरी 'माझंच काहीतरी कमी पडलं' म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांनी तो आकडा जरूर बघावा.

ज्यांची प्रकरणं एकामागून एक चालूच असतात त्यांना यातलं काही लागू होत नाही. तो वेगळा विषय.

पॉपकॉर्नवाला

धागा शंभरी गाठणार!

संपादक

वरच्या सदस्यांना समज दिली आहे. चर्चा विषयाला धरून ठेवावी.

कट्टेकर

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे अबोलीताईंच्याच बाजूचा, फक्त पुरुष. बायकोचं प्रकरण होतं. आज आम्ही एकत्र आहोत.

ताई, तुम्ही ते कुजबुजत भांडण्याचं लिहिलंत ना, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्याकडे आई आणि लहान भाऊ. बेडरूमची भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पाहिलं, तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओळखीचं 'काय, आज दोघंच?' करत यायचं. शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्याच गाडीत बसून बोलायला लागलो. काचा वर, इंजिन बंद, घामाच्या धारा. एकदा वॉचमन टॉर्च मारत आला, 'साहेब, बॅटरी उतरलीय का? धक्का मारू?' आम्ही दोघंही रडत होतो. हिने काच खाली करून सांगितलं, 'नको काका, होईल चालू.'

पुढे समुपदेशकाने वार ठरवून दिले. बुधवार आणि रविवार, अर्धा तास. त्या वेळात मी काहीही विचारणार आणि ती उत्तर देणार. एरवी जेवताना, मुलासमोर, रात्री दोन वाजता हा विषय नाही. मला आधी हा मूर्खपणा वाटला, दुःखाला काय टाइमटेबल असतं? पण बुधवारी विचारता येणार हे माहीत असलं की सोमवारची रात्र निभते. तिलाही घरी यायची भीती वाटेनाशी झाली.

पासवर्ड मलाही मिळाला होता. त्याने विश्वास बसत नाही हो. फोनमध्ये काही सापडलं नाही की मन म्हणतं, डिलीट केलं असेल. माझ्या बाबतीत फरक पडला तो असा: दिवाळीत एकदा भाजी निवडता निवडता ही म्हणाली, 'त्याचा शुभेच्छांचा मेसेज आलाय, दुसऱ्या नंबरवरून. उत्तर दिलेलं नाही. हा बघ, आणि आता ब्लॉक करते.' मी विचारलं नव्हतं, मला कधी कळलंही नसतं. त्यानंतर मी फोन बघणं हळूहळू सोडलं. पूर्ण सुटलं असं नाही म्हणणार.

अबोली_मुलुंड

कट्टेकर, पार्किंगचं वाचून हसले आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे गाडी आहे, पण ती गाडी बघितली तरी मला खालापूर आठवतं.

तटस्थ

कट्टेकरांच्या 'विचारलं नव्हतं तरी सांगितलं' याला पूर्ण अनुमोदन. पाळतीने फक्त पाळत ठेवणारा दमतो. मोकळीक द्यायचं काम ज्याने लपवलं त्याचं आहे. फोन, लोकेशन, खर्च काही काळ उघडं ठेवावं, पण त्याची मुदत बोलून ठरवावी. जन्मभर पहारा हा संसार नव्हे.

सर्वात जास्त नुकसान होतं ते हप्त्याहप्त्याने सत्य सांगण्याने. आधी 'फक्त चॅट', मग 'एकदाच भेटलो', मग तिसऱ्या महिन्यात अजून काही. प्रत्येक हप्त्याला जखम पहिल्या दिवसावर जाते. कधीपासून, कुठे, किती, कोणाकोणाला माहीत, पैसे किती गेले, पूर्ण संपलंय का, हे एकदाच आणि सगळं कळायला हवं. शय्येचे तपशील मात्र विचारू नयेत असं मी सांगते. विचारायचा हक्क आहेच, पण त्याने कळत काही नाही, डोळ्यासमोर चित्रं तेवढी उभी राहतात.

अबोली, गाडी बघून जे होतं ते मोठ्या धक्क्यानंतर अगदी सर्रास दिसतं. झोप, भूक पार गेली असेल तर आधी तेवढं बघ. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गोळी_औषध

डॉक्टर म्हणून एक रुक्ष मुद्दा, जो अशा धाग्यांवर सगळे विसरतात. दोघांनीही तपासण्या करून घ्या. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएम, सायन, नायर वगैरे, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रं आहेत. एचआयव्हीची चाचणी तिथे मोफत होते आणि नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. संबंध अलीकडचा असेल तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी. तोवर काळजी घ्या. 'तो असल्यातला नाही' किंवा 'ती चांगल्या घरातली आहे' ही वैद्यकीय माहिती नव्हे.

काचेची_बरणी

मी लिहू की नको करत होते. मी तिसऱ्या बाजूची. चुकलेली.

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, मग कर्जतच्या फार्महाऊसवर गेट-टुगेदर. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. पण 'का' याचं उत्तर अबोलीच्या नवऱ्यासारखं मीही 'माहीत नाही' असंच देत होते, म्हणून लिहिते. माझा नवरा वाईट नव्हता आणि नाही. आमच्यात भांडणंही नव्हती. शाळेत मी खो-खोच्या संघात होते. तो म्हणाला, 'खांबाला वळसा घालून तू सूर मारायचीस तेव्हा आम्ही मुलं वर्ग बुडवून बघायला यायचो.' घरात कोणाला हे माहीत नव्हतं असं नाही. ट्रॉफी आहे माळ्यावर. पण कोणी मला तशी पाहिलेली नव्हती. तो माणूस मला फारसा आवडलाही नव्हता, आज विचार करते तेव्हा वाटतं. त्याच्या डोळ्यांतली ती पंधरा वर्षांची मुलगी मला हवी होती.

हे कळायला वर्ष गेलं. आणि कळलं म्हणून नवऱ्याचं दुःख कमी झालं नाही, उलट तो म्हणाला, 'मग मैदानावर जायचंस, तिथे कशाला गेलीस?' यावर मला आजही उत्तर देता येत नाही.

अबोली, नवऱ्याला घाई करू देऊ नकोस. पहिल्या दोन आठवड्यांत माफी मागून झाली की आपल्याला वाटतं, झालं, आता पुढे जाऊया. दुसऱ्याचं तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

निवडुंग

आता सविस्तर. मी सावरलेली नाही, म्हणजे संसार सावरला नाही, मी ठीक आहे. आम्ही प्रयत्न केला होता. समुपदेशक, वार ठरवणं, सगळं. फरक इतकाच की माझ्या प्रत्येक प्रश्नावर 'किती दिवस तेच तेच उगाळणार आहेस?' हे ठरलेलं उत्तर होतं. सासरी तर 'पुरुष आहे, होतं' म्हणून मलाच समजावणं चालू. बरणीताईंनी घाईचं लिहिलंय, तेच. ज्याला आपल्या रडण्याचा कंटाळा येतो त्याच्याबरोबर काही उभं राहत नाही.

माहेरी सांगण्याबद्दल: मी आईला सांगितलं आणि बरं केलं, कारण मला निघायचं होतं. ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांनी जरा थांबावं. तू उद्या नवऱ्याला माफ करशील, तुझी आई करणार नाही. गणपतीत पंगतीला त्याला वाढताना तिचा हात अडखळेल आणि तुला ते दरवर्षी दिसेल. एखादी मैत्रीण निवड, जी तुम्हा दोघांचीही नातेवाईक नाही. आणि आईला एवढं तरी सांग की 'थोडा ताण आहे, वेळ आली की बोलेन.' म्हणजे ती रोज आवाज तपासणार नाही.

वाट_चुकलेला

पोलिसात जायचं सरळ. व्यभिचाराचा गुन्हा आहे ना?

काळा_कोट

नाही. भारतीय दंड विधानाचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आणलेलं नाही. आणि ते असतं तरी अबोलीताईंना काडीचा उपयोग नव्हता. त्या कलमाखाली तक्रार करायचा हक्क होता फक्त नवऱ्याला, तीही बायकोच्या प्रियकराविरुद्ध. फसवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध बायकोला त्यात जागाच नव्हती. अवांतर: १९८५ मध्ये हे कलम वैध ठरवणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आणि २०१८ च्या घटनापीठावर बसून ते मोडीत काढणाऱ्यांपैकी एक धनंजय चंद्रचूड. बापलेक.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार मात्र व्यभिचार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. पण कलम २३ कोणी वाचत नाही. व्यभिचार माफ केला असं ठरलं तर त्याच कारणावर घटस्फोट मिळत नाही. सगळं कळल्यावर पूर्ववत पतीपत्नी म्हणून राहू लागलात तर समोरचा वकील 'माफ केलं होतं' म्हणणार. तरी घाबरू नका. १९७५ च्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या निकालात, तो क्रूरतेचा खटला होता, सर्वोच्च न्यायालयाने माफीचं तत्त्व तपशिलात मांडलंय: माफी सशर्त असते, पुन्हा तसं वागलं तर जुनं पुन्हा जिवंत होतं. म्हणजे प्रयत्न करून पाहिल्याने दार कायमचं बंद होत नाही.

फास्टॅगचे मेसेज डिलीट करू नका, एवढं मात्र ऐका. आणि १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीपत्नीमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं म्हटलंय. याचा अर्थ आजपासून रेकॉर्डर लावून बसा असा नाही. ज्याला संसार टिकवायचाय त्याने हे करू नये, असं मी अशिलांनाही सांगतो आणि फी बुडवतो.

निवडुंगताईंच्या मार्गाने जायचं झालं तर परस्परसंमतीचा घटस्फोट कलम १३ ब खाली. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं, तो काळ न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कामच आहे.

खडूस_काका

मी पहिला प्रतिसाद दिला तो मागे घेत नाही. मुलीचा विचार करावाच. पण कट्टेकरांचं वाचून एक म्हणतो, ताई, त्याला म्हणावं सासूबाईंना महिनाभर बहिणीकडे धाड. नवऱ्याची आई आहे, व्यवस्था नवऱ्यानेच करावी. तुम्हाला घरात मोठ्याने बोलता तरी येईल.

निवडुंग

काका, आज पहिल्यांदा +१.

अबोली_मुलुंड

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देण्याइतकं बळ नाही. मेसेज ठेवलेत. तपासणीला परवा सायनला जाणार, तोही येतोय, कुरकुर न करता. ती बाई त्याच्याच टीममध्ये आहे, त्याने शाखा बदलून मागितली आहे. ते मी सांगितलेलं नव्हतं. कट्टेकरांचं वाचल्यापासून असल्या गोष्टी मोजायला लागलेय, चांगलं की वाईट माहीत नाही. राहायचं की निघायचं, ठरवलेलं नाही आणि पावसाळा संपेपर्यंत ठरवणारही नाही.

काका, सासूबाई नणंदेकडे चालल्यात. कारण गुडघे असं सांगितलंय.

एक शेवटचं विचारते. समुपदेशकाची वेळ घेतली आहे. पहिल्यांदा दोघांनी एकत्र जायचं की वेगवेगळं? तो म्हणतो, मी आधी एकटा जातो.

तटस्थ

साधारण पहिली भेट एकत्र, मग एकेकाची स्वतंत्र, मग पुन्हा एकत्र असं करतात. तो एकटा जातो म्हणाला म्हणून लगेच संशय घेऊ नकोस, पुष्कळांना पहिल्यांदा बायकोसमोर तोंड उघडत नाही. पण फोनवर वेळ पक्की करतानाच एक विचारून घे: एकट्याच्या भेटीत कोणी काही गुपित सांगितलं, तर तुम्ही ते दुसऱ्यापासून लपवून ठेवता का? काही जण ठेवतात. काही जण सुरुवातीलाच सांगतात की चालू प्रकरण लपवून जोडप्याचं काम करणार नाही. तुझ्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा. आणि हे उत्तर दोघांनीही ऐकलेलं असू दे, फोन स्पीकरवर ठेव.